फोर्ट रॉस: लाकडी तटाच्या आत आणि बाहेर

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे फोर्ट रॉस. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर किनाऱ्यावर, सोनोमा काउंटीत, हे एक राज्य ऐतिहासिक उद्यान आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला निघालं, रशियन रिव्हर जिथे समुद्राला मिळते ते जेनर गाव मागे टाकलं, की महामार्ग क्रमांक १ वर सुमारे १२ मैलांनी हे ठिकाण लागतं. बे एरियातल्या मराठी मंडळींना सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, इतक्या अंतरावर ते आहे.

या उद्यानात दोन प्रकारची माणसं जातात. काहींना इतिहास पाहायचा असतो. ती थेट लाकडी तटाकडे वळतात, आतलं चर्च पाहतात, तोफांशेजारी उभं राहून फोटो काढतात. बाकीच्यांना मोकळी हवा हवी असते. ती कड्यावरून चालतात, खालच्या पुळणीवर बसतात, पोहणारी असली तर पाण्यात उतरतात. इतिहास एका बाजूला आणि करमणूक दुसऱ्या बाजूला, अशी सरळ वाटणी झालेली दिसते.

आज आम्हाला जे सांगायचंय ते एवढंच, की ही वाटणी खरी नाही. तटाच्या आत जो इतिहास मांडून ठेवलाय, त्याचं कारण खाली पाण्यात होतं, आणि त्याचे परिणामही आज पाण्यातच दिसतात. दोन्ही एकत्र पाहिलं तरच फोर्ट रॉस कळतो.

सुरुवात 'किल्ला' या शब्दापासून करू. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगडी तट, महादरवाजा आणि बुरुज येतात. इथे तसं काही नाही. रेडवुडच्या जाड लाकडांचं उभं कुंपण, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन लाकडी बुरुज, त्यातला एक सात बाजूंचा आणि दुसरा आठ बाजूंचा. आत अधिकाऱ्यांची घरं, कोठार आणि एक लहानसं ऑर्थोडॉक्स चर्च. तोफा होत्या, पण या किल्ल्यावर कधी हल्ला झाला नाही. मग रशियन लोकांनी इतक्या दूर येऊन हा किल्ला बांधला कशासाठी?

याचं उत्तर म्हणजे समुद्री पाणमांजर. आपल्याकडे नदीत आणि खाडीत पाणमांजर असतं, त्याचा हा मोठा, समुद्रात राहणारा भाऊबंद. देवमासा किंवा सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, या प्राण्याला तो नाही. थंड पाण्यात ऊब राहते ती केसांमुळे, आणि हे केस इतके दाट, की एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत भरतात. प्राण्यांच्या जगात याहून दाट फर नाही. चीनमधल्या श्रीमंत वर्गात या फरला प्रचंड मागणी होती. रशियन व्यापारी सायबेरियातून माल नेऊन क्याख्ता या सीमेवरच्या बाजारात चिनी व्यापाऱ्यांना विकत आणि बदल्यात चहा, रेशीम घेत. कातडी मिळवत मिळवत ते अलास्कापर्यंत पोहोचले. १७९९ साली झार पहिला पॉल याने रशियन-अमेरिकन कंपनीला सनद दिली. व्यापारी कंपनी, हातात सनद आणि मागे साम्राज्य. हा प्रकार काय असतो, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

अलास्कात कंपनीला दोन अडचणी आल्या. एक, तिथलं पाणमांजर संपत चाललं होतं. दोन, तिथे धान्य पिकत नव्हतं. अलास्कातलं मुख्य ठाणं म्हणजे न्यू अर्खांगेल्स्क, आजचं सिटका. तिथे लोक अक्षरशः उपाशी होते. १८०६ साली निकोलाय रेझानोव्ह हा बडा अधिकारी शिधा मागायला जहाज घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आला. तेव्हा कॅलिफोर्निया स्पेनच्या ताब्यात होता आणि परदेशी जहाजांशी व्यापार करायला बंदी होती. तिथल्या किल्लेदाराची मुलगी कोन्सेप्सिओन हिच्याशी त्याचं लग्न ठरलं, धान्यही मिळालं, आणि पुढच्याच वर्षी परतीच्या वाटेवर सायबेरियात तो वारला. ही प्रेमकथा रशियात फार लोकप्रिय आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की दक्षिणेला धान्य आणि पाणमांजर दोन्ही आहे, आणि स्पेनचा हात सॅन फ्रान्सिस्कोच्या पुढे फारसा पोहोचत नाही, हे कंपनीला कळून चुकलं.

म्हणून १८१२ साली इवान कुस्कोव्ह इथे आला. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल. कुस्कोव्हबरोबर २५ रशियन होते आणि अलास्काचे ८० मूळ रहिवासी. 'रॉस' हे नाव 'रशिया'वरूनच आलं. पण जागा ओसाड नव्हती. तिथे काशाया पोमो लोकांची वस्ती होती, तिचं नाव मेटिनी. हिवाळ्यात ही माणसं डोंगराच्या आत राहत, उन्हाळ्यात किनाऱ्यावर येत. मासे, शिंपले, खाण्याचं समुद्री शेवाळ, मीठ हे सगळं या किनाऱ्यावर मिळायचं.

त्या २५ आणि ८० या आकड्यांवर जरा थांबू. आपण 'रशियन किल्ला' म्हणतो खरं, पण आलेल्यांत रशियन चारातला एकही धड नव्हता. याचं कारण शिकारीत आहे. समुद्री पाणमांजर मारणं रशियनांना जमत नव्हतं. ते कौशल्य कोडियाक बेटावरच्या अलुटिक लोकांकडे आणि अल्युशियन बेटांवरच्या लोकांकडे होतं. रशियन कागदपत्रांत या सगळ्यांना सरसकट 'अल्यूत' म्हटलंय. लाकडी सांगाड्यावर समुद्रसिंहाचं कातडं ताणून शिवलेली त्यांची होडी म्हणजे बैदारका. वजनाला हलकी, पाण्यावर आवाज न करणारी. अनेक होड्या मिळून गोल करायचा, पाणमांजराने बुडी मारली की श्वासासाठी ते वर येण्याची वाट पाहायची, आणि वर आलं की भाला फेकायचा. हा प्राणी फार वेळ पाण्याखाली राहू शकत नाही. दर खेपेला त्याची दमछाक वाढत जाते आणि शेवटी तो हाती लागतो.

हे शिकारी काही हौसेने हजारो मैल आले नव्हते. कंपनी अलास्कातल्या गावांतून धडधाकट पुरुषांना सक्तीने कामाला लावायची, आणि मागे राहिलेल्या बायका-मुलांना हिवाळ्यात शिकार करून आणणारं कोणी उरायचं नाही. म्हणजे सनद रशियाची, कसब अलास्काचं, जमीन काशायांची आणि गिऱ्हाईक चीनचं. फोर्ट रॉसचा हिशेब मांडायचा तर या चार खात्यांत मांडावा लागतो.

जमिनीचं खातं पाहू. १८१७ साली लिओंटी हागेमाइस्टर या कंपनीच्या अधिकाऱ्याने काशाया प्रमुखांना बोलावून एक कागद तयार केला. रशियन लोक इथे राहताहेत याबद्दल आपण समाधानी आहोत, असं त्या प्रमुखांनी म्हटल्याची नोंद त्यात आहे. प्रमुखांना पदकं आणि भेटवस्तू दिल्या गेल्या. जमिनीच्या मोबदल्यात काय दिलं, त्याची जी यादी सांगितली जाते ती अशी: तीन घोंगड्या, तीन विजारी, दोन कुऱ्हाडी, तीन कुदळी आणि काही मणी. आता हा कागद कुणासाठी होता? काशायांना त्याची गरज नव्हती. तो स्पेनला दाखवायला हवा होता. मूळ रहिवाशांच्या संमतीने आम्ही इथे आहोत, असं म्हणता यावं म्हणून. काशाया माणसांनी सह्या केलेल्या नाहीत, सह्या रशियन अधिकाऱ्यांच्या आहेत. असा कागद वाचताना त्यात काय लिहिलंय याइतकंच तो कुणाच्या हाती द्यायचा होता, हेही विचारावं लागतं.

आता पाण्याचं खातं. शिकार इतकी जोरात झाली, की काही वर्षांतच पाणमांजर दिसेनासं व्हायला लागलं. १८२०च्या सुमारास ज्यासाठी हा किल्ला बांधला ती गोष्टच जवळपास संपली होती. मग कंपनीने दुसरे उद्योग करून पाहिले. खालच्या लहानशा खाडीत जहाजं बांधायला घेतली. १८१८ ते १८२४ या काळात 'रुम्यान्त्सेव्ह', 'बुल्दाकोव्ह', 'व्होल्गा' आणि 'क्याख्ता' अशी चार जहाजं बांधली. पण स्थानिक ओकचं लाकूड पुरतं वाळू न देता वापरल्यामुळे ती लवकर कुजली. नंतर भर दिला शेतीवर. किनाऱ्यावर सतत धुकं, त्यामुळे गव्हावर तांबेरा पडायचा, आणि जे उरायचं त्यातलं जमिनीखालचे घुशीसारखे प्राणी फस्त करायचे. म्हणून १८३०च्या दशकात आतल्या बाजूला तीन शेतवाड्या वसवल्या.

शेती वाढली तशी मजुरांची गरज वाढली, आणि ते मजूर म्हणजे आसपासचे मूळ रहिवासी. सुरुवातीला काशाया आणि रशियन यांचे संबंध त्या काळाच्या मानाने बरे होते. दक्षिणेला स्पॅनिश मिशनांमध्ये जसं धर्मांतर करून माणसांना कोंडून ठेवत, तसं इथे नव्हतं. कंपनीला नफ्याशी काम होतं, आत्म्याच्या उद्धाराशी नव्हतं. पण नफ्याचीही सक्ती असतेच. १८३३ साली रशियन अमेरिकेचा गव्हर्नर फर्डिनांड रँगल स्वतः पाहणीला आला. कापणीच्या हंगामात मूळ रहिवाशांना हात बांधून कामावर आणलं जातं आणि त्यांना खायलाही धड मिळत नाही, हे त्याने आपल्या अहवालात नोंदवलं आणि ही वागणूक बदलायला सांगितलं. ही तक्रार बाहेरच्या कुणा टीकाकाराची नाही, कंपनीच्या सर्वांत वरच्या माणसाची आहे, हे लक्षात घ्यावं.

शेवटी शेतीही परवडली नाही. १८३९ साली हडसन्स बे कंपनीशी करार होऊन अलास्काला धान्य दुसरीकडून मिळायची सोय झाली आणि रॉसची गरजच उरली नाही. १८४१ साली जॉन सटर या जमीनदाराला ३०,००० डॉलरला ते विकलं, बरीचशी किंमत गव्हाच्या रूपात फेडायची या बोलीवर. १८४२च्या सुरुवातीला शेवटचा व्यवस्थापक अलेक्झांडर रोत्चेव्ह आपल्या माणसांना घेऊन निघून गेला. या सटरच्याच लाकूडगिरणीपाशी १८४८ साली सोनं सापडलं आणि कॅलिफोर्नियाचा सगळा नकाशाच बदलला. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय झाला.

रशियन माणसं इथे राहिली जेमतेम ३० वर्षं. ती राहत कशी होती, हे जाणून घ्यायचं तर तटाच्या बाहेर यावं लागतं. १८३६ साली फादर इओआन वेनिअमिनोव्ह इथे आले होते. त्यांनी वस्तीतल्या माणसांची मोजदाद दिली आहे: एकूण २६०, त्यात १२० रशियन, ५१ मिश्र वंशाचे, ५० कोडियाकचे अल्यूत आणि ३९ बाप्तिस्मा घेतलेले स्थानिक. एवढी माणसं तटाच्या आत मावणं शक्यच नव्हतं. आत राहायचे ते अधिकारी. बाकीच्यांची घरं बाहेर होती. तट आणि समुद्राचा कडा यांच्या मध्ये आज नुसतं गवत दिसतं. तिथे अलास्काच्या लोकांचं गाव होतं.

१९९०च्या आसपास बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ केंट लाइटफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं. अलास्काचे पुरुष एकटे आले होते, त्यातल्या अनेकांनी काशाया बायकांबरोबर संसार थाटले. कुस्कोव्हच्या काळातल्या शिरगणतीतही अशी जोडपी नोंदलेली आहेत. आता अशा घरात कुणाच्या पद्धतीने वागत असतील? कागदपत्रं यावर गप्प आहेत, कचरा मात्र बोलतो. गावाची जागा निवडली होती अलास्काच्या रिवाजाने, समुद्र नजरेत राहील अशी उघड्या कड्यावर. पण घराच्या आतली व्यवस्था, अन्न शिजवण्याची आणि उष्टंखरकटं टाकण्याची तऱ्हा काशायांच्या वळणाची होती. समुद्री प्राण्यांच्या हाडांशेजारी हरणांची हाडं होती. फुटलेल्या काचेच्या आणि चिनीमातीच्या तुकड्यांपासून घडवलेल्या वस्तू होत्या. म्हणजे जागा नवऱ्याच्या मनासारखी आणि संसार बायकोच्या हातचा. ज्या बायकांची नावं क्वचितच कुठे आली असतील, त्यांनी रोज केर काढला आणि चूल पेटवली, त्याचा हा पुरावा.

भाषेनेही असाच पुरावा जपलाय. रॉबर्ट ऑस्वल्ट या भाषाशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात काशाया भाषेचा अभ्यास केला, तेव्हा त्यात रशियनमधून आलेले बरेच शब्द त्याला सापडले. मांजराला असलेला काशाया शब्द रशियन 'कोश्का'वरून आलेला. रशियन जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली होती, मांजर मात्र घरात राहिलं. ऑस्वल्टने काशायांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी १९६४ साली 'काशाया टेक्स्ट्स' नावाने प्रसिद्ध झाल्या. सांगणाऱ्यांत एसी पॅरिश या काशायांच्या प्रसिद्ध धार्मिक नेत्या होत्या. समुद्रातून आलेल्या या परक्यांना काशाया लोक 'पाण्याखालून आलेली माणसं' म्हणत. त्यांनी दिलेलं अन्न विषारी असेल या भीतीने सुरुवातीला कुणी खाल्लं नाही, टाकून दिलं, असंही त्या गोष्टींत येतं. रशियन कागदांत भेटवस्तू दिल्याची नोंद असते. घेणाऱ्याच्या मनात काय आलं, ते अशा गोष्टींतूनच कळतं.

तटाबाहेरची आणखी एक जागा म्हणजे स्मशानभूमी. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर ती आहे. १९९०च्या दशकातल्या उत्खननात तिथे १३० हून अधिक कबरी सापडल्या. आधी अंदाज होता याच्या निम्म्याहूनही कमी. त्यांत लहान मुलांच्या बऱ्याच आहेत. तीस वर्षांची वस्ती, जेमतेम अडीचशे माणसं आणि इतक्या कबरी. रॉसच्या जमाखर्चात हा खर्च कुठल्याही वहीत लिहिलेला नव्हता.

रशियन गेल्यानंतर इथे गुराढोरांचा मोठा वाडा झाला. १८७३ साली जॉर्ज कॉल याने ही जमीन घेतली, त्याच्या कुटुंबाने इथल्या खाडीतून लाकूड आणि लोणी जहाजांवर चढवलं. १९०८ साली 'पोमोना' नावाची आगबोट खडकावर आपटून याच खाडीत बुडाली, तिचे अवशेष आजही पाणबुडे पाहायला जातात. किल्ल्याची जागा १९०३ साली विकत घेऊन १९०६ साली कॅलिफोर्निया राज्याकडे सोपवली गेली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मोठा भूकंप झाला. भूकंपाची सॅन अँड्रियास भेग या उद्यानातूनच जाते. चर्चच्या भिंती कोसळल्या, छप्पर जवळजवळ अखंड खाली बसलं. पुढे चर्च उभं केलं, ते १९७० साली आगीत जळालं, परत १९७३ साली बांधलं. आज आपण पाहतो त्या इमारतींत रशियन काळातली मूळची अशी एकच, रोत्चेव्हचं घर. बाकी सगळं अभ्यास करून, जुने कागद आणि चित्रं पाहून नव्याने उभारलेलं आहे. म्हणजे गंमत पाहा: तटाच्या आत जे दिसतं ते बहुतेक विसाव्या शतकातलं, आणि तटाबाहेर जिथे काहीच दिसत नाही, तिथे गवताखाली अस्सल एकोणिसावं शतक आहे.

आता परत पाण्याकडे जाऊ.

शिकारीचा काळ सुरू होण्याआधी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरं १६,००० च्या आसपास असावीत असा अंदाज आहे. रशियन, अमेरिकन, स्पॅनिश, मेक्सिकन असे सगळे व्यापारी त्या शिकारीत होते. दोष एकट्या रॉसचा नाही, पण रॉस त्या साखळीतला मोठा दुवा होता. १९११ साली आंतरराष्ट्रीय कराराने शिकार थांबली, तेव्हा कॅलिफोर्नियातून हा प्राणी नाहीसा झाला असंच सगळे मानत होते. १९३८ साली दक्षिणेला बिग सरच्या किनाऱ्यावर पन्नासेक पाणमांजरं लोकांच्या नजरेला पडली. आज कॅलिफोर्नियात जी सुमारे ३,००० आहेत, ती त्यांचीच प्रजा. पण ती सगळी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला. ज्या रॉसच्या पाण्यातून त्यांची कातडी गेली, तिथे ती परतलेली नाहीत.

याने काय बिघडलं? या किनाऱ्याजवळ पाण्याखाली केल्प नावाच्या प्रचंड समुद्री शेवाळाचं जंगल असतं. त्यात मासे वाढतात, खेकडे राहतात. सी अर्चिन नावाचा काटेरी चेंडूसारखा प्राणी हे केल्प खातो. पाणमांजर रोज आपल्या वजनाच्या चौथाईएवढं खातं, आणि अर्चिन हे त्याचं आवडतं खाद्य. पाणमांजर गेलं तरी इथलं जंगल पुढे दीडेकशे वर्षं टिकलं, कारण अर्चिन खाणारा दुसरा एक राखणदार होता, वीसेक हातांचा मोठा सूर्यफूल तारामासा. २०१३ साली तारामाशांमध्ये रोगाची साथ आली आणि तो इथून जवळजवळ संपला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्राचं पाणी असाधारण तापलं. जांभळे अर्चिन बेसुमार वाढले, आणि उत्तर कॅलिफोर्नियातलं नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प गेलं. एका घराला दोन खांब असावेत, एक दोनशे वर्षांपूर्वी काढून नेलेला, आणि दुसरा आपल्या डोळ्यांदेखत पडावा, तसं झालं.

इथे ॲबलोनीचा उल्लेख करायलाच हवा. हा गोगलगायीच्या जातीचा मोठा समुद्री प्राणी, शिंपला आतून मोरपंखी रंगाचा. काशाया लोकांच्या खाण्यात तो पूर्वापार आहे. विसाव्या शतकात फोर्ट रॉसचा किनारा ॲबलोनीसाठी बुडी मारणाऱ्यांचं आवडतं ठिकाण झाला. हवेची नळकांडी न लावता, एका श्वासात खाली जाऊन काढायचा, असा नियम. अनेक कुटुंबांची ही पिढीजात हौस होती. पण पाणमांजरही ॲबलोनी खातं. म्हणजे इथे ॲबलोनी इतके मुबलक होते, त्याचं एक कारण हेच की त्यांना खाणारं पाणमांजर उरलं नव्हतं. ज्या करमणुकीचा इतिहासाशी काही संबंध नाही असं वाटत होतं, ती उभीच त्या शिकारीवर होती. आणि केल्प संपलं तेव्हा ॲबलोनी उपाशी मरायला लागले. २०१८ साली उत्तर कॅलिफोर्नियात हौशी लोकांनी ॲबलोनी पकडण्यावर बंदी आली, ती पुढे वाढवत नेण्यात आली.

आता प्रश्न असा उभा राहतो, की पाणमांजर इथे परत आणून सोडावं का? २०२२ साली अमेरिकेच्या केंद्रीय मत्स्य व वन्यजीव विभागाने उत्तर कॅलिफोर्निया आणि ओरेगनच्या किनाऱ्यासाठी याचा अभ्यास करून अहवाल दिला, हे करता येण्यासारखं आहे असं म्हटलं. पण त्याला दुसरी बाजूही आहे. खेकड्यांवर, अर्चिनवर पोट असलेल्या मच्छीमारांना पाणमांजर हा वाटेकरी वाटतो. ॲबलोनी पुन्हा वाढायचे असतील तर त्यांनाही तो नको आहे. काशायांसाठी ॲबलोनी आणि शेवाळ हे नुसतं खाणं नाही, रीतीभातीचा भाग आहे. पूर्वी या पाण्याचा निर्णय झारच्या सनदेने झाला आणि ज्यांचा किनारा त्यांना कुणी विचारलं नाही. आता निदान विचारलं तरी पाहिजे. यात एक चांगली घटना सांगण्यासारखी आहे. २०१५ साली फोर्ट रॉसच्या उत्तरेला, स्टुअर्ट्स पॉइंटजवळ, किनाऱ्यालगतची सुमारे ७०० एकर जमीन काशाया समाजाच्या मालकीची झाली. समुद्रापर्यंत जायची हक्काची वाट त्यांना दीर्घकाळानंतर मिळाली. १८१७च्या त्या कागदाशेजारी ठेवून हा व्यवहार पाहण्यासारखा आहे.

तेव्हा कुणी फोर्ट रॉसला जाणार असाल, तर आमची सूचना अशी. जाण्याआधी उद्यानाच्या उघडण्याच्या वेळा पाहून घ्या. उन्हाळा असला तरी स्वेटर बरोबर ठेवा, धुकं आणि वारा कधी येईल सांगता येत नाही. पोचल्यावर आधी तटात शिरू नका. पहिल्यांदा खाली खाडीवर जा, कारण गोष्ट तिथे सुरू होते. जहाजं तिथे बांधली, बैदारका तिथून सुटल्या. मग वर येऊन तट आणि कडा यांच्या मधल्या गवतापाशी पाच मिनिटं उभे राहा. दाखवायला तिथे काही नाही, म्हणून मुलांना तिथलं घर कसं होतं ते तुम्हीच सांगावं लागेल. त्यानंतर तटात जा, रोत्चेव्हचं घर नीट पाहा. आणि शेवटी ओढा ओलांडून स्मशानभूमीपर्यंत चाला.

तिथून मागे वळून पाहिलं, की लाकडी तट, मधलं गवत आणि खालचा समुद्र एका नजरेत येतात. समुद्रावर केल्पचे तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात का, तेवढं बघा. दिसले तर जंगल थोडंफार परततंय असं समजा. नाही दिसले, तर १८१२ साली सुरू झालेला तो हिशेब अजून मिटलेला नाही.

आज इथेच थांबू.